सहावा डोस

एका कुपीत सहा डोस.
एकदा सुई आत गेली की हातात सहा तास,
मग उरलंसुरलं ओतून द्यायचं
आणि वहीत लिहायचं : वाया.

बुकोविनातल्या आमच्या शाळेत, फाटक्या नकाशाखाली
मी टेबल मांडून बसले. दुपारपर्यंत आले पाच :
पोस्टमन, मास्तर, मास्तरांची बायको,
पाद्र्याची बायको (पाद्री नाही),
आणि इटलीला परतायचंय म्हणून
नुसता शिक्का हवा असलेला एक पोरगा.

ओढ्यापलीकडे माझ्या भावाचं घर.
तोआदेर. मधमाश्या पाळतो.
चार महिने आम्ही बोललो नाही, नुसतं लिहितो.
रात्री त्याची खिडकी निळी होते, मग माझी.
मध्ये ओढा, अक्रोडाची दोन झाडं
आणि सगळं गाव वाचत बसलेलं.

तो टाकतो दंडाला चिकटलेल्या चमच्याचा व्हिडिओ.
मी टाकते आलेख.
तो टाकतो कुठल्याशा डॉक्टरचं भाषण,
डॉक्टर आहे की नाही देव जाणे.
मी पुन्हा आलेख, या वेळी रंगीत.
तो लिहितो : माझी बहीण विकली गेली.
खाली एकेचाळीस अंगठे. मी मोजले.
त्यातला एक अशा पोराचा,
ज्याची नाळ मी कापली होती.

मग मी त्याला मूर्ख म्हणाले, सगळ्यांदेखत.
त्यावर त्याची एकच ओळ :
आणि त्या मे महिन्यात?

पोरांना काही कळलं नाही.
म्हातारे गप्प झाले.

आम्ही लहान होतो. उत्तरेकडून ढग आला होता.
रेडिओ म्हणाला, पेरण्या उत्तम चालू आहेत.
आईनं कोवळ्या गवतावरच्या गाईचं दूध दिलं,
इलिंकाला भांडंभर जास्त, ती धाकटी.
गोळ्या आल्या त्या दूध पिऊन झाल्यावर.
वाटणाऱ्या माणसाचा कोट पांढराशुभ्र होता
आणि तो हसत होता.
इलिंका आजही गळ्याला रुमाल बांधते,
भर उन्हाळ्यातसुद्धा.

याला माझ्याकडे आलेख नाही.
लिहिलं, खोडलं. लिहिलं, खोडलं.
कोट तर मीही पांढराच घालते.

अर्धा तास उरला असताना दारात घोडागाडी थांबली.
तोआदेर. मागे गवतावर, घोंगडीत गुंडाळलेली
परास्किवा, वय शहाऐंशी.
"हिला हवंय," तो नकाशाला म्हणाला. "मला नको.
हिचे पाय चालत नाहीत, म्हणून आणली."
म्हातारीनं बाही सारली. दंड कसला, वाळकी शेंग.
सुई जाताना तो खिडकीबाहेर बघत होता.
पण तिची काठी त्याच्या मुठीत होती,
आणि मूठ पांढरी पडलेली.

नंतर पंधरा मिनिटं थांबायचं असतं.
तिघं बसलो पहिलीच्या बाकांवर, गुडघे हनुवटीशी.
परास्किवा एकटीच बोलली, कोंबड्यांविषयी,
त्यातल्या एका चोरट्या कोंबडीविषयी फार वेळ.
मी वहीत सहावं नाव लिहिलं.

रात्री त्याची खिडकी निळी झाली.
नवा व्हिडिओ, तेच अंगठे.
मी काही लिहिलं नाही.
शहाणपण कसलं, दमले होते.

साडेदहाला फोन वाजला. चक्क वाजला.
"म्हातारीला ताप आहे का?"
मी नुकतीच तिच्याकडून आले होते, बूटही काढले नव्हते.
"आहे थोडा."
"थोडा म्हणजे?"
"सदतीस पॉइंट नऊ."
लाइनवर पोळ्यासारखी गुणगुण.
मी तयारीत उभी. चार महिन्यांची सवय.

हा आकडा कुठून आणलास,
असं त्यानं विचारलं नाही.